शुक्रवारची दिवेलागण

शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करायचा नाही, हा आयटीतला जुना अलिखित नियम. आणि तो दर शुक्रवारी मोडायचा, हा त्याहून जुना. मागच्या आठवड्यात आमच्या टीममधल्या नव्या पोरानं जेवताना विचारलं, "तू शुक्रवारी सातनंतर फोन का उचलत नाहीस? उपास असतो का?" सगळे हसले, मीही हसलो. म्हटलं, सांगतो कधीतरी. तर ते आज सांगतोय. जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

२०२२ चा नोव्हेंबर. अन्नपूर्णा बेस कॅम्पचा ट्रेक करायचं आम्ही तिघांनी ठरवलं होतं. दोघांनी ऐन वेळी टांग दिली. माझी रजा मंजूर झाली होती (हे वाक्य आयटीवाल्यांनी दोनदा वाचावं), म्हणून मी एकटाच गेलो. रजा अर्थातच "फक्त गरज पडली तर लॅपटॉप जवळ ठेव" या अटीवर. लॅपटॉप पोखराच्या लॉजवर ठेवला आणि वर चढलो. चार हजार एकशेतीस मीटरवर रेंज नव्हती आणि त्याबद्दल मी निसर्गाचे मनापासून आभार मानले.

त्या वाटेवर रात्री मुक्काम टी-हाउसमध्ये. जेवणाची खोली एकच, उबेचं टेबल एकच, त्यामुळे ओळखी आपोआप होतात. माझी झाली ती सहा इस्राएली पोरापोरींशी. बावीस-तेवीसचे सगळे. तिकडे शाळा संपली की बहुतेकांना सक्तीनं सैन्यात जावं लागतं. मुलांना अडीच वर्षांहून जास्त, मुलींना दोन. सुटले की पैसे साठवायचे आणि पाठीवर बोचकं मारून लांब कुठेतरी निघायचं, ही तिथली रीतच. कसोलला हिब्रू पाट्या बघितल्या असतील तुम्ही, त्या यांच्याचसाठी. यांची खरी नावं इथे लिहीत नाही. एक दाढीवाला होता, एक कुरळ्या केसांची, एक गिटारवाला. बाकी तिघं जोडीला.

उतरून पोखराला आलो तो गुरुवार. लेकसाइडच्या रस्त्यावर दाढीवाला भेटला. म्हणाला, "उद्या संध्याकाळी आमच्याकडे जेवायला ये. साडेचारला ये."

"साडेचारला जेवण?"

"जेवण सातला. पण साडेचारला ये, मजा बघायला मिळेल."

त्यांनी एका गेस्टहाउसचा वरचा मजला स्वयंपाकघरासकट भाड्यानं घेतला होता. गेलो तर आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला जी धांदल असते ना, अगदी ती. एकजण अंघोळीला, दुसरा दार बडवतोय, "अजून किती वेळ?" कुरळी मैद्याच्या लोळ्यांची तीनपदरी वेणी घालून पाव भट्टीत ढकलतेय. गिटारवाला फ्रिजचं दार उघडून आतल्या दिव्याच्या बटणावर चिकटपट्टी लावतोय. आणि एक पोरगी शांतपणे बसून टॉयलेट पेपरचे तुकडे फाडून गठ्ठा करतेय!

मी दाढीवाल्याकडे बघितलं. त्यानं समजावलं. सूर्यास्ताच्या अठरा मिनिटं आधी मेणबत्त्या लावायच्या, तिथून शब्बाथ लागला. (ते 'शबात' म्हणतात. आपल्याकडे मराठी बायबलमुळे शब्बाथ रुळलाय.) तिथून उद्या रात्री आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत काम बंद. काम म्हणजे नोकरी नव्हे. एकोणचाळीस प्रकारच्या कामांची जुनी यादी आहे. पेरणं, दळणं, विणणं, लिहिणं, फाडणं, विस्तव पेटवणं, विझवणं. विजेचं बटण हे विस्तवाच्या कुळातलं धरतात, म्हणून दिवा लावायचा नाही. फ्रिज उघडला की आतला दिवा लागतो, म्हणून चिकटपट्टी. फाडायचं नाही, म्हणून कागद आधीच फाडून ठेवलेला. जेवण गरम राहावं म्हणून इलेक्ट्रिक शेगडी आत्ताच लावून तिच्यावर पत्रा टाकलेला.

मला तर उकळ्या फुटल्या. ही माणसं एज केसेसचा विचार करत होती! आमचे टेस्टर कधी इतक्या खोलात गेले नाहीत. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे आहे, या एका गोष्टीनं माझ्या कोडची तीनदा वाट लावलीय. इथे ही पोरं सूर्यास्ताच्या मिनिटावर सगळं घर चालवत होती.

सहांपैकी काटेकोर पाळणारे दोघंच, दाढीवाला आणि कुरळी. बाकीचे घरी एरवी शनिवारी गाडी चालवतात, समुद्रावर जातात. पण या घरात शुक्रवारी सगळ्यांचे फोन बंद, असा ठराव झालेला. मोमो उकडायची बांबूची टोपली टेबलावर ठेवली होती, फोन त्यात टाकायचे. सगळ्यात शेवटी टाकला कुरळीनं, कारण तिनं आधी वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपारचा एक वाजत होता, शब्बाथ लागायला बराच अवकाश. तरी ते दुकानात उभ्याउभ्याच थांबले, हाताचा पंजा कॅमेऱ्यासमोर धरला आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. इकडे पोरीनं डोकं फोनसमोर वाकवलं. शुक्रवारी संध्याकाळी आईवडील मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात म्हणे. हात पोचत नसेल तर असा.

मग तिनं मेणबत्त्या लावल्या, ज्योतीची ऊब तीनदा हातांनी स्वतःकडे ओढली आणि तळव्यांनी डोळे झाकले. खिडकीबाहेर माछापुच्छ्रेवरचं ऊन गुलाबी होत होतं. मला आमच्या घरची दिवेलागण आठवली. दिवा लावला की आई कोणालाही झोपू देत नसे. अकरावीत क्लास लागले तेव्हापासून त्या वेळेला मी घरी नसतोच.

पुढचा तासभर गाणी आणि प्रार्थना. एका गाण्याच्या शेवटच्या कडव्याला सगळे दाराकडे वळून वाकले. शब्बाथ ही नवरी, ती आत येतेय. मग द्राक्षरसाचा पेला, त्यावरचे मंत्र. मग एकेकानं तांब्यानं आधी उजव्या हातावर, मग डाव्यावर पाणी घेतलं. मी पण घेतलं आणि विचारलं, "हे कशासाठी?" सगळे गप्प. मला वाटलं, काहीतरी चुकलं. दाढीवाला "म्म्म, म्म्म" करत पावाकडे बोट दाखवतोय. हात धुतल्यापासून पावाचा तुकडा तोंडात जाईपर्यंत बोलायचं नसतं. पाव दोन, वर कापड झाकलेलं. वाळवंटात आकाशातून रोज अन्न पडायचं, शुक्रवारी दुप्पट पडायचं, शनिवारी वेचायला लागू नये म्हणून, त्याची ही आठवण. तुकडे मिठाला लावून वाटले आणि मग सगळे एकदम बोलायला लागले.

जेवण म्हणजे तांदूळ आणि अख्ख्या मसुरांची तळलेल्या कांद्याची खिचडी, तिळाचं वाटण घातलेलं वांग्याचं भरीत आणि कोशिंबिरी. मी म्हटलं, हे तर घरचंच आहे. मग माझ्याकडची गोष्ट सांगितली. माझं आजोळ अलिबागचं. तिथे 'इस्राएल आळी' आहे, सिनेगॉग आहे. आजी तिथल्या जुन्या लोकांना 'शनवार तेली' म्हणायची. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली. त्यांची परंपरा अशी की कित्येक शतकांपूर्वी नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या. ग्रंथ बुडाले. पुढे भाषाही गेली, मराठीच बोलायला लागले. नावं रोहेकर, पेणकर, किहीमकर. प्रार्थनेतली एक ओळ राहिली, काही चालीरीती राहिल्या, आणि शनिवार राहिला.

कोणी काही बोललं नाही. मग गिटारवाला, जो घरी शनिवारी समुद्रावर जातो, तो म्हणाला, "म्हणजे सगळा डेटा गेला आणि सुट्टी तेवढी राहिली."

आठच्या सुमारास खट् झालं आणि अंधार. शेगडी आणि गिझर एकाच लायनीवर असणार, स्विच ट्रिप झाला. मी वाट बघतोय कोणी उठतंय का. कोणी उठेना. दोन मेणबत्त्यांच्या उजेडात शांतपणे जेवताहेत.

दाढीवाला म्हणाला, "तुला नीट दिसतंय का रे?"

"नाही."

"हं."

पुन्हा शांतता. "थंडीही वाढतेय, नाही?" कुरळी म्हणाली.

माझी ट्यूब पेटायला पूर्ण एक मिनिट लागलं. त्यांनी मला 'दिवा लाव' सांगायचं नसतं. पण अंधाराचा त्रास मला होतोय, मी माझ्यासाठी दिवा लावला तर त्या उजेडात त्यांनी बसायला हरकत नाही. उठलो, जिन्यातला खटका वर केला. कोणी थँक्यू म्हटलं नाही. गिटारवाल्यानं माझ्या ताटात आणखी एक डाव भरीत वाढलं.

आता खरी गोष्ट.

टोपलीत माझा फोन नव्हता. खिशात होता. आमचा रिलीज रात्री नऊला होता, म्हणजे पोखरात सव्वानऊ. साडेनऊला मांडीला थरथर जाणवली. "दोन मिनिटं" म्हणून मी जिन्यात गेलो ते लॉजवर पळत जाऊन लॅपटॉप उघडला आणि पाऊण तासानं परतलो. काय झालं होतं? एका रिपोर्टची बेरीज जुळत नव्हती. जो रिपोर्ट सोमवारी सकाळी अकराच्या आधी कोणीही उघडणार नव्हतं.

आलो तर माझं ताट दुसऱ्या ताटानं झाकून ठेवलेलं. गाणी चालूच. बसलो. दाढीवाल्यानं वळून विचारलं, "कोणी मरतंय का?"

मला वाटलं टोमणा मारतोय. चेहऱ्यावर मात्र तसं काही नव्हतं. तो खरंच विचारत होता.

"नाही. का?"

"मरत असेल तर जा. शब्बाथ मोडायचा, सरळ मोडायचा. गाडी चालवायची, फोन करायचा, विस्तव पेटवायचा. मोडला तर चालतो असं नाही, मोडलाच पाहिजे. जीव धोक्यात आहे अशी नुसती शंका आली तरी. थांबून पुस्तकात बघत बसलास तर ते पाप." मग म्हणाला, "आणि नसेल मरत, तर जेव."

मी ताट उघडलं, पण घास उतरेना.

प्रॉडक्शन सपोर्ट केलेल्यांना माहीत असेल, प्रत्येक तक्रारीला गंभीरतेचा आकडा असतो. सेव्हरिटी वन म्हणजे सगळं सोडून धावायचं. आमच्याकडे ती बेरीज सेव्हरिटी वन होती. आणि मला आठवला २०२१ चा डिसेंबर. पुण्यातलं हॉस्पिटल. बाबांची अँजिओप्लास्टी. आई खाली बिलिंगला गेलेली, मी वर एकटा, मांडीवर लॅपटॉप, कानात हेडफोन, कॉलवर अठरा माणसं. बाबांना स्ट्रेचरवरून आत नेत होते. माझ्यासमोर स्ट्रेचर थांबलं. बाबांनी मान वळवली, काहीतरी म्हणाले. मी बोट वर केलं. "एक मिनिट बाबा."

बाबा म्हणाले, "चालू दे तुझं." आणि स्ट्रेचर आत गेलं.

सगळं नीट झालं. दोन स्टेंट बसले, चौथ्या दिवशी घरी. पण ते काय म्हणणार होते ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्या दिवशी कोणाचा तरी जीव खरोखर धोक्यात होता, आणि मी बोट त्याला दाखवलं होतं. कॉलवर काय बिघडलं होतं ते तर आज आठवतही नाही.

हे मी तिथे कोणाला सांगितलं नाही. फोन बंद केला आणि टोपलीत टाकला.

शनिवार. नेपाळात तेव्हा शनिवारीच साप्ताहिक सुट्टी असायची, त्यामुळे फेवा तालावर सगळं गाव लोटलं होतं. आम्ही काठानं चालत गेलो, चालत आलो. झोपलो. सोंगट्यांचा एक खेळ मांडला, त्यात मी सलग पाच डाव हरलो. दर थोड्या वेळानं हात खिशाकडे जायचा. विसाव्या वेळेनंतर मोजणं सोडलं. शांती वगैरे काही वाटली नाही, खोटं कशाला सांगू. दुपारी तीनला इतका कंटाळा आला की पळून जावंसं वाटलं. बहुतेक चारच्या पुढे कधीतरी ते ओसरलं. कुरळी सैन्यात काय काम करायची ते सांगत होती, तिच्या आजोबांच्या दुकानाबद्दल सांगत होती, आणि मी ऐकतोय हे माझ्या लक्षात आलं. पुढचं वाक्य काय बोलायचं याची जुळवाजुळव न करता, नुसतं ऐकत होतो.

गच्चीत उभं राहून तीन चांदण्या मोजल्या. मग निरोपाची प्रार्थना. अनेक वातींची वेणी घातलेली मेणबत्ती, द्राक्षरस, आणि वास घ्यायला कोपऱ्यावरच्या दुकानातल्या लवंगा. नवरी गेली की जीव उदास होतो, त्याला जरा हुशारी यावी म्हणून वास. सगळ्यांनी नखं ज्योतीसमोर धरली, मग ज्योत रसात बुडवून विझवली आणि पुढच्या सेकंदाला सहाच्या सहाजणांनी टोपलीवर झडप घातली!

माझ्या फोनवर हापिसाचे चौदा मेसेज होते. पहिले तेरा "आहेस का?" या अर्थाचे. चौदावा, "झालं, सापडलं." तेवढंच.

घरी फोन लावला. बाबांनीच उचलला. "अरे काल रात्रीपासून फोन बंद तुझा! आई किती घाबरलीय. डोंगरात आहेस म्हणून..." मला हे सुचलंच नव्हतं. मी मोठा फोन बंद करून बसलो होतो आणि तिकडे आई देव पाण्यात ठेवून. माफी मागितली. म्हटलं, मीच बंद ठेवला होता.

"कामाचासुद्धा?"

"हो."

ते थांबले. मी म्हटलं, "बाबा, हॉस्पिटलात त्या दिवशी तुम्ही काहीतरी म्हणत होतात. मी एक मिनिट म्हटलं होतं."

बाबा आयुष्यभर शाळेत गणित शिकवत होते. म्हणाले, "तुझं मिनिट अकरा महिन्यांचं झालं की रे." आणि हसले. "काही नाही. चष्मा तुझ्याकडे दे म्हणत होतो. तो तसाच डोळ्यावर घेऊन आत गेलो. नर्स ओरडली."

चष्मा! मी त्या जिन्यात बसून एवढा रडलो की गिटारवाला बाहेर येऊन बघून गेला.

इथे थांबता आलं असतं. पण पुढे एक घडलं, ते सांगितल्याशिवाय हे अर्धवट राहील.

७ ऑक्टोबर २०२३. शनिवारच होता, वर त्यांचा सणही. सकाळी बातम्या बघितल्या आणि सहाहीजणांना मेसेज टाकला. चौघांची उत्तरं तासाभरात आली. दाढीवाल्याचं येणार नव्हतं, मला माहीत होतं, फोन बंद असणार. रात्री चांदण्या दिसल्या की येईल. तर दुपारी दोनला फोन वाजला. त्याचाच मेसेज. "मी ठीक आहे. बोलावणं आलंय, निघालोय."

कुठल्याही बातमीनं मी हादरलो नव्हतो तेवढा त्या वेळेनं हादरलो. शनिवार दुपारचे दोन. कोणीतरी मरत होतं.

त्या दिवशी सुमारे बाराशे माणसं मारली गेली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्यानंतर गाझात जे झालं तेही आपण सगळ्यांनी बघितलं. हजारो मुलं गेली. काही महिन्यांनी मी न राहवून त्याला लिहिलं, जीव वाचवण्यासाठी सगळे नियम मोडायचे हे तू मला शिकवलंस, तो जीव कोणाचा, हे त्या नियमात लिहिलंय का? चार दिवस उत्तर नाही. मग शनिवारी रात्री आलं. "हे फोनवर नको. समोर बसून बोलू. जेवताना." ते जेवण अजून झालेलं नाही. माझा प्रश्न तसाच आहे, आणि त्याचं ताट मी झाकून ठेवलंय.

असो. मी काही शब्बाथ पाळत नाही, मला तो हक्कही नाही. शुक्रवारी दिवेलागणीला घरी पोचायचा प्रयत्न करतो, महिन्यातून दोनदा जमतं. सात वाजले की फोन बंद करून आईच्या पोळ्यांच्या रिकाम्या डब्यात. जेवण होऊन बाबा झोपायला गेले की बाहेर. एवढंच. टीमला घरचा लँडलाइन नंबर देऊन ठेवलाय, कोणी मरत असेल तर त्यावर करा.

अजून कोणाचा आलेला नाही.